चौथ्या माळ्यावरची जमीन

ताकसांडे काका विकाऊ प्लॉट पाहायला जातात तेव्हा कागद नंतर मागतात, आधी सावली शोधतात. सावली सापडली की पिशवीतून डबा काढतात, रुमाल अंथरतात आणि त्या परक्या जमिनीवर मांडी घालून जेवायला बसतात. दोन भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. विकणारा शेजारी उभा राहून "इथून रोड मोठा होऊन राह्यला काका, पुढच्या साली भाव डबल," वगैरे सांगत असतो. काका मान हलवतात आणि पुढचा घास घेतात. जेवण झालं की तिथेच हात धुतात आणि ते पाणी कुठे वाहत जातं ते बघत बसतात. पाणी जिरेपर्यंत ते उठत नाहीत. विकणाराही उठू शकत नाही.

"उपाशी माणसाले कोणतीबी जागा चांगलीच दिसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पोट भरलं का जागा खरं बोलाले लागते."

काका भूमी अभिलेखात मोजणीदार होते. सारी नोकरी आर्वी आणि आजूबाजूच्या तालुक्यांत साखळी, टेप आणि झेंडे घेऊन लोकांच्या हद्दी कायम करण्यात गेली. त्याचा परिणाम असा की माणसं त्यांना नावानं आठवत नाहीत, गट नंबरानं आठवतात. बाजारात कुणी नमस्कार केला की पुढे गेल्यावर मला सांगतात, "हा एकशे बाराचा लहाना पोरगा. याच्या बापानं शेताचा धुरा दोन हात सरकवला होता. माणूस चांगला होता पण." एकदा लग्नात जेवणाच्या पंगतीतून उठून त्यांनी मंगल कार्यालय पावलांनी मोजलं आणि वरबापाला जाऊन सांगितलं की हॉलचं भाडं जेवढ्या चौरस फुटांचं घेतलंय, तेवढा हॉल नाही. वरबापानं मालकाशी भांडण काढलं. मुहूर्त टळता टळता राहिला.

आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे शेत मोडून प्लॉट पाडलेल्या वस्तीत, काकांचं घर माझ्या घरासमोर आहे. मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. माझा प्लॉट घेताना साहजिकच काकांना नेलं. ते तिथे एकदा जेवले आणि म्हणाले, उद्या पुन्हा यावं लागेल. कारण विचारलं तर म्हणाले, "भाजीत मीठ जास्त होतं सर. ध्यान लागलं नाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवले आणि मग हो म्हणाले. त्यांनी हो म्हटलेले असे प्लॉट गावात फार थोडे. गजूभाऊ नावाचे आमचे प्लॉटचे दलाल आहेत. काका डबा घेऊन येताना दिसले की ते गाडी वळवतात. काकांच्या एका जेवणानं आपला एक सौदा मोडतो, असा त्यांचा अनुभव आहे.

एवढ्या जमिनी मोजणाऱ्या माणसाची स्वतःची जमीन म्हणजे राहतं घर आणि मागच्या गल्लीतला एक प्लॉट. तो प्लॉट त्यांनी सुजातासाठी घेतलेला. सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. दर रविवारी सकाळी काका विळा घेऊन जायचे, तण काढायचे, हद्दीच्या चारही दगडांना हात लावून परत यायचे. दिवाळीत घराला रंग दिला नाही तरी त्या चार दगडांना चुना लागायचाच. काकू म्हणायच्या, "माह्याकडे एवढ्या येळा पाह्यलं असतं तं माह्यं सोनं झालं असतं."

सुजाता नोकरीसाठी श्रीलंकेत गेली. कोलंबोजवळ कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात ती शिलाई तपासते. "बाप धुऱ्याचं माप घे, पोरगी बाह्यांचं," असं काकू पाहुण्यांना सांगतात. सुरुवातीला काकांना अभिमान होता. मग तो देश आर्थिक संकटात सापडला. पेट्रोलला रांगा, गॅसला रांगा, वीज नाही, चलन कोसळलेलं. आमच्या लेआऊटमधला प्रत्येक माणूस येऊन काकांना सांगून गेला, की पोरीला परत आणा. काका रोज सकाळी फोन करून तिला एकच प्रश्न विचारायचे, "रांगेत कितवा नंबर हाय?" तिनं सांगितलेला नंबर ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. सिलिंडर मिळालं त्या दिवशी काकूंनी इकडे शिरा केला आणि आम्हा सर्वांना वाटला. रांगेची बातमी चांगली की वाईट हे आम्हाला काकूंच्या चुलीवरून कळायचं.

त्या दिवसांत काका माझ्याकडे अर्थशास्त्र शिकायला यायचे. देशाचं दिवाळं निघतं म्हणजे नेमकं काय होतं, असं त्यांनी मला विचारलं. मी चलनवाढ, परकीय गंगाजळी, आयात असं पाऊण तास बोललो. काकांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे सातबारा कोरा नाई, बोजा चढला." मी पुस्तकाची तीन पानं घेऊन जे सांगितलं ते त्यांनी एका ओळीत बसवलं होतं. चलनवाढ मी पंचवीस वर्षं शिकवतोय, पण घरी भाजी बायको आणते, त्यामुळे माझ्या ज्ञानाची कधी परीक्षा झालेली नाही.

पुढे परिस्थिती सावरत गेली. सुजाता तिथेच राहिली. मागच्या वर्षी तिच्या घरमालकानं ती राहत असलेला फ्लॅट विकायला काढला. तिनं घ्यावा, नाहीतर दुसरी जागा पाहावी. काका-काकू महिनाभर तिच्याकडे जाऊन आले. येताना काकूंनी अनुराधपूरहून बोधिवृक्षाचं गळालेलं पान आणलं आणि काकांनी त्या इमारतीचा नकाशा आणला. आल्या दिवशी, बॅग दारात ठेवून, ते माझ्या फाटकाशी आले.

"सर, सुजाताचा प्लॉट विकतो. तिकडचा फ्लॅट घ्याचा हाय."

मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. पण प्रवासाचा शीण उतरल्यावरही ते तेच म्हणत होते. त्यांनी मला कायदाच समजावून सांगितला. त्या देशात परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, तोही चौथ्या माळ्यावरचा किंवा त्याच्या वरचा. शिवाय सगळा पैसा बाहेरच्या देशातून गेला पाहिजे. म्हणजे सुजाताचा तिथला पगार उपयोगाचा नाही, आर्वीचा प्लॉटच विकावा लागणार.

"म्हणजे काका, तुम्ही जमीन विकून हवा घेऊन राह्यले," मी म्हणालो.

"हवा नाई, चौथा माळा. पन्नास पायऱ्यावर हाय. मोजल्या म्या."

बाकी हकीकत काकूंकडून कळली. काकांनी त्या फ्लॅटमध्येही डब्याची परीक्षा घेतली होती. गॅलरीत रुमाल अंथरला, जेवले आणि सवयीनं तांब्यातलं पाणी हातावर घेऊन खाली सोडलं. ते कुठे जातं हे बघायला वाकले, तर ते तिसऱ्या माळ्यावरच्या एका वयस्क बाईच्या वाळत घातलेल्या साड्यांवर गेलं होतं. बाई ओल्या साड्या घेऊन वर आल्या. "म्या म्हटलं, झालं," काकू सांगत होत्या, "आता पोरीले आहे ते घरबी सोडा लागते." पुढे काय झालं ते काकूंनी सांगितलं नाही. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्या आत गेल्या.

लेआऊटनं ठरवलं की काकांना वाचवायचं आणि ते काम माझं. अर्थशास्त्राचा माणूस म्हणून. मी रात्रभर नव्हे पण चांगला तासभर बसून मुद्दे काढले. चलन पुन्हा घसरलं तर फ्लॅटची किंमत आपल्या रुपयांत अर्धी होईल. विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक मिळणार नाही. सरकार बदललं की कायदा बदलेल. इकडे आर्वीत प्लॉटचे भाव चढतेच आहेत. कागद घेऊन मी समोर गेलो आणि सगळं वाचून दाखवलं.

काकांनी चष्मा लावून कागद स्वतः एकदा वाचला. "सारं बरोबर हाय सर. पेपरात असतं तं पैकीच्या पैकी."

"मंग?"

"तुमी म्हणता तो देश हालते. हालतेच. पण आपली काळी माती काय हाय? पावसायात फुगते, उनायात भेगा पडते. तुमच्या हॉलच्या भिंतीले चीर गेली का नाई? मंग घर विकलं काय तुमी? पाया खोल घेतला, चीर बुजवली, राहून राह्यले."

"पण काका, फायदा होईन का याच्यात?"

"नाई होणार."

"मंग काऊन घेता?"

काका उठले आणि कागद घडी करून मला परत दिला. "उद्या गाहाक येऊन राह्यलं सर. गवत काढा लागते," म्हणाले आणि विळा घेऊन निघून गेले.

त्यांनी सांगितलं नाही याचा मला राग आला. माणूस चुकीचा निर्णय घेतो ते ठीक, पण निदान चुकीचं कारण तरी सांगावं.

मला वाटलं होतं, प्लॉट विकलाच जाणार नाही. कारण विकणारे स्वतः काका होते. गजूभाऊंनी जुनं वैर विसरून गिऱ्हाइकं आणली. पहिलं नवरा-बायकोचं जोडपं आलं. बाईंना जागा आवडली. काका म्हणाले, "आवडाची घाई नोका करू. या कोपऱ्यात पावसायात आठ दिवस पाणी थांबते. आन मागच्यानं भिंत बांधतानी वीतभर आपल्यात घेतली हाय. म्या भांडलो नाई, पण तुमी भांडान." जोडपं गेलं ते गेलंच. दुसरं गिऱ्हाईक पुलगावहून आलं होतं. त्याला काकांनी भाव जास्त सांगितला आणि लगेच, हा भाव जास्त आहे, हेही सांगितलं. गजूभाऊ माझ्याकडे येऊन डोकं धरून बसले. "सर, दुसऱ्याचा माल होता तवा पाडला, समजलो. स्वतःचाबी पाडून राह्यले हो."

शेवटी एसटीतले एक कंडक्टर आले, आर्वी डेपोचे. ड्युटीवरून थेट आले होते. प्लॉट पाहिला, म्हणाले, "काका, भूक लागली. जेवू का इथं?" आणि स्वतःचा डबा उघडून बसले. काकांचा चेहरा त्या वेळी मी पाहिला. इतक्या वर्षांत कुणी त्यांचा शिष्य झाला नव्हता. तरी त्यांनी पाणी थांबतं हे सांगितलंच. कंडक्टर म्हणाले, "थांबू द्या. त्या कोपऱ्यात केळी लावतो." सौदा तिथेच झाला.

रजिस्ट्रीच्या दिवशी साक्षीदार म्हणून काकांनी मला नेलं. आमच्या आधी एका शेताची वाटणी लागली होती. अकरा बहीणभाऊ, त्यातल्या तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही, आणि प्रत्येकाचा अंगठा. कंडक्टर चहा आणायला गेले. काका आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. काकांनी नवी पँट घातली होती आणि तिची घडी मोडू नये म्हणून ते पाय सरळ ठेवून बसले होते.

"काका," मी म्हणालो, "आता तं सही होऊन राह्यली. आता तरी सांगा."

काकांनी दारातून आतल्या त्या अकरा जणांकडे पाहिलं.

"ते खालची बाई साड्या घेऊन वर आली ना," ते म्हणाले, "म्या हात जोडले. माफी मागतली. सुजातानं तिच्या भाषेत समजावलं. मंग तिनं माह्यं नाव इचारलं. मले वाटलं, तक्रार करते. म्या पूरं नाव सांगतलं. आडनावासकट. तं ते हासली. म्हणे, एवढं लांब नाव माह्या ध्यानात नाई राहणार. बसा. चहात साखर किती घेता?"

मी पुढचं ऐकायला थांबलो.

"मीबी थांबलो होतो सर, तुमच्यासारखाच. म्हटलं, आता इचारन. कोण्या गावचे, कोणाच्यातले. तिनं दोन खेपा साखरच इचारली. माह्यानं उत्तरच देणं झालं नाई."

"तिथंबी असन ना काका. माणसं सारखीच असतात."

"असनच. त्याईच्यात आपसात असन, मले काय मालूम. पण माह्या आडनावाचा तिथं काईच अर्थ निघत नाई. निस्तं लांब हाय, एवढंच." काका स्वतःशीच हसले. "पैशाचं तुमी सांगतलं ते खरं. डुबन तो पैसा, डुबो. सुजाता आता वापस येत नाई, हेबी मले मालूम हाय. सोताचं दार झालं का माणूस तिथलाच होते. घरी आल्यावर तिच्या मायले सांगतलं तं ते दोन दिवस जेवली नाई. मलेबी गोड नाई लागत सर. एकच पोरगी हाय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सहज, जुनी मोजणी सांगावी तसं, सांगायला लागले.

"आर्वीले बदली झाली तवा सुजाता आठ महिन्याची होती. रविवार पाहून आमी खोल्या पाहाले निंघालो. हिच्या कडेवर पोरगी, माह्या हातात पिशवी. एका दिवसात सात खोल्या पाह्यल्या. साती रिकाम्या. भाड्यानं देणे, अशी पाटी. आडनाव सांगतलं का कोणाकडे पावणे येणार, कोणाले कापूस भराचा. एक जण म्हणे, खोली मजबूत नाई. म्या भिंत पाह्यली. दीड फुटाची होती." हे सांगताना त्यांना खरंच मजा वाटत होती. "मंग साहेबानं ऑफिसातली रेकॉर्डची खोली देल्ली. नकाशाच्या कपाटामांग दोन महिने राह्यलो. साऱ्या तालुक्याची जमीन उशाशी."

मी हसलो नाही. आमचं तेव्हाचं घर जुन्या आर्वीत होतं. बाबांची शेती होती आणि मागच्या अंगणात एक सुटी खोली होती. बदलून येणाऱ्या नोकरदारांना ती आम्ही भाड्यानं द्यायचो. पाटी मीच रंगवलेली. माझं अक्षर चांगलं होतं.

"काका, त्या सातात आमची होती का?"

काकांनी चष्मा पुन्हा लावला आणि आत पाहिलं. अकरा जणांपैकी एका म्हातारीचा अंगठा नीट उमटत नव्हता, तो पुन्हा घेत होते.

"तुमचे बाबूजी भले माणूस होते," काका म्हणाले. "पोरगी रडून राह्यली होती तं त्याईनं दूध देल्लं. ओट्यावर. चांगलं कोमट करून. वाटी धुवून देतो म्हटलं तं तुमची माय म्हणे, राहू द्या, घेऊन जा, वापस नोका करू."

मला ती वाटी आठवत नाही. ती खोली आठवते. त्या वर्षी तिला भाडेकरू मिळालाच नाही. मी बारावीला होतो. खोली रिकामीच आहे म्हणून बाबांनी तिथे टेबल टाकून दिलं, दिवा लावून दिला, आणि मी वर्षभर त्या खोलीत बसून अर्थशास्त्र वाचलं. मला त्या विषयात कॉलेजात सर्वांत जास्त गुण मिळाले. बाबांनी पेढे वाटले होते.

हे मी काकांना सांगायला हवं होतं. तोंड उघडलं तेवढ्यात आतून काकांचं नाव पुकारलं गेलं, आडनावासकट, पूर्ण. ते उठले, पँटची घडी नीट केली आणि आत गेले. फोटो झाला, अंगठे झाले. कंडक्टरांनी सही केली, काकांनी केली. मग कागद माझ्यापुढे आला. साक्षीदाराचं पूर्ण नाव लिहा, कारकून म्हणाले.

मी माझं नाव लिहिलं. त्यापुढे बाबांचं लिहिलं. मग पेन थांबलं. बाबांच्या नावाकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे, मागे लोक खोळंबले होते. काका माझ्या खांद्यावरून वाकले. त्यांना वाटलं, मी विसरलो.

"आडनाव राह्यलं सर," ते हळूच म्हणाले.

मी ते लिहिलं.